एकतीस अंगुळांची देवी

देवीला सोबत घेऊन प्रवास करणारा माणूस पुण्यवान, असे निघताना आमच्या कुडाळातल्या प्रत्येकाने मला सांगितले. सांगणाऱ्यांपैकी एकानेही पेटी उचलायला हात लावला नाही. सागाच्या फळ्यांची पेटी, आत भाताचा पेंढा, आणि पेंढ्यात काळ्या दगडाची उभी देवी. पुण्य किती पदरात पडले ते ठाऊक नाही, पण प्रत्येक बदलीच्या ठिकाणी हमालांच्या तोंडून देवीला जे ऐकावे लागले ते इथे लिहिण्यासारखे नाही. घाट, मोटार, रेल्वे आणि पुण्याचा मुक्काम या सगळ्याला फाटा देतो. माझी हाडे ते सगळे विसरलेली नाहीत, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

मी मूर्तिकार. वडील आणि आजोबाही तेच करायचे. मोशीच्या पुढे, इंद्रायणीच्या पलीकडे एक वाडी आहे. तिथल्या रामभाऊ नावाच्या शेतकऱ्याने देवी नवसाला बोलली होती. त्यांची एकुलती एक मुलगी गंगू पहिल्या बाळंतपणात हातची जाते की राहते अशी वेळ आली, तेव्हा त्यांनी नवस केला. मुलगी वाचली, नातू वाचला. देहूरोडच्या लष्करी डेपोत आमच्याकडचा एक गृहस्थ कारकून आहे. त्याने माझे नाव सुचवले आणि हे काम माझ्याकडे आले. मूर्ती पोचवायची, तिचे डोळे उघडून द्यायचे आणि परत यायचे, एवढाच बेत होता.

पिंपरी

नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते. पिंपरी स्टेशनाबाहेर जो तो हातातली चिल्लर उलटीसुलटी करून पाहत होता. चैत्रातले ऊन असे की आमच्याकडच्या घामाची आठवण यावी. इथे घाम येतच नाही, अंगावरच वाळून जातो.

पेटी न्यायला रामभाऊंनी उस्मानभाईंना पाठवले होते. उस्मानभाई इथलेच, धंद्याने मेकॅनिक. लष्कराने लिलावात काढलेली एक लॉरी त्यांनी घेतली होती, आणि तिचा एकही भाग मूळचा राहिलेला नाही असे ते अभिमानाने सांगत. ती लॉरी स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, निर्वासितांच्या कॅम्पाशी येऊन बंद पडली.

उस्मानभाई लॉरीखाली शिरले आणि मी एका सिंधी दुकानदाराच्या सावलीला उभा राहिलो. त्याने न मागता पाण्याचा पेला आणि भाजलेला पापड पुढे केला. मला वाटले, पापड विकतो आहे. मी नको म्हणालो. त्याचा चेहरा असा पडला की मी घाईघाईने पापड घेतला. त्यांच्यात आल्यागेल्याला नुसते पाणी देत नाहीत, सोबत पापड देतात, हे उस्मानभाईंनी लॉरीखालूनच ओरडून सांगितले. आमच्याकडे गुळाचा खडा देतात. तहान तीच, फक्त तोंडात टाकायचे वेगळे.

पेटीत काय आहे ते कळल्यावर दुकानदार बाहेर आला. त्यांच्या गावच्या देवळातली मूर्ती तिकडेच राहिली, इथे बराकीत आम्ही तसबीर लावली आहे, असे तो हिंदीत म्हणाला. मग वाकून त्याने जमिनीपासून आपल्या मांडीपर्यंत तळहात वर नेला, थोडा खाली घेतला, पुन्हा किंचित वर घेतला. "इतनी थी," तो म्हणाला. मापाचा धंदा करणारा मी, पण कुणाला इतक्या काळजीने माप घेताना क्वचितच पाहिले असेल. मला फार वाईट वाटले.

मोशीकडे

लॉरी सुरू झाली. उस्मानभाईंना बोलल्याशिवाय चाक फिरवता येत नसे.

"मिस्तरी, एक सवाल इचारू?"

मला कोणी मिस्त्री म्हटले की चुना कालवायला बसवल्यासारखे वाटते. पण लॉरी त्यांची होती. "विचारा," म्हणालो.

"आता सरकार म्हनतंय गज न्हाई, फूट न्हाई, मीटर येनार. मंग तुमचा देव कशानं मोजनार?"

त्यांना जे सांगितले तेच वाचकांसाठी इथे मांडतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. देवाच्या मूर्तीत मापे दोन. पहिले माप मूर्ती करवून घेणाऱ्याचे, म्हणजे यजमानाचे. त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे मधले पेर हे आमचे अंगुळ. मूर्ती किती उंच, ते या अंगुळाने ठरते. ही देवी एकतीस अंगुळांची. म्हणजे तीच देवी मोठ्या हाताच्या माणसाने करवली तर मोठी होईल, लहान हाताच्या माणसाने करवली तर लहान. उंची एकदा ठरली की यजमानाचे बोट बाजूला ठेवायचे. त्या उंचीचे एकशे आठ सारखे भाग करायचे. तो एक भाग म्हणजे देवीचे स्वतःचे अंगुळ. तशी बारा अंगुळे म्हणजे एक ताल, तेवढा तिचा चेहरा, हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत. छातीपर्यंत एक ताल, तिथून बेंबीपर्यंत एक, बेंबीखाली एक, मांड्या दोन, पोटऱ्या दोन, आणि केस, गळा, गुडघे, पावले मिळून उरलेला एक. नाक, डोळा, पायाचे बोट, सगळे तिच्याच अंगुळाने. नऊ चेहऱ्यांची उंची भरली की देवी पूर्ण झाली.

"आन मानूस किती चेहऱ्यांचा?"

"आठ."

"गनपती?"

"पाच."

"म्हून तो समद्यांचा दोस्त," उस्मानभाई म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन त्यांनी भोंगा वाजवला. मग म्हणाले, "म्हंजी मीटर आला तरी तुमाला काय फरक न्हाई. नटबोल्टचं तसं न्हाई राव, सगळे पाने बदलावे लागतील मला."

मोशी मागे पडली, नदी ओलांडली. दोन्ही बाजूंना उघडी शेते, काढून ठेवलेल्या कांद्याचे ढीग आणि त्यांवर चाकणच्या बाजाराला नेण्यासाठी आणलेली पोती. नारळ नाही, पोफळ नाही, दृष्टीला कुठे अडथळाच नाही. इतक्या उघड्यावर माणसे झोपतात तरी कशी, असे आमच्या माणसाला वाटेल. दुपार कलली तसा लांबवरचा डोंगर निळा झाला आणि मग मला ते उघडेपणही आवडू लागले.

वाडीवर

रामभाऊ पन्नाशीचे, उंच आणि काटक. दारात उभे होते. खांद्यावरचे उपरणे उजव्या हातावर ओढून घेतलेले. मी नमस्कार केला तर त्यांनी नुसती मान लववली. गंगूने पाण्याचा तांब्या आणला, तो त्यांनी घेतला आणि माझ्यापुढे केला, डाव्या हाताने.

माझे डोके सणकले. आमच्याकडे भिकाऱ्यालासुद्धा डाव्या हाताने कोणी पाणी देत नाही. तांब्या घेतला, पण कपाळाची आठी लपवली नाही. देशावरची माणसे रांगडी असतात हे ऐकून होतो, हे मात्र मग्रूरपण झाले, असे मनात म्हटले.

रात्रीचे जेवण गंगूने केले होते. ती लग्न होऊन चाकणला दिलेली, पण आई वारल्यापासून, आणि अलीकडे तर जास्तच, मूल कडेवर घेऊन बापाकडे येऊन-जाऊन असे. ज्वारीची भाकरी, पिठले, ठेचा आणि पाहुणा कोकणातला म्हणून मुद्दाम केलेला भात. भाताची एवढीशी मूद पाहून मला भरून आले, कारण तेवढाच भात होता हे उघड दिसत होते. कांदा इथे चिरत नाहीत, बुक्कीने फोडतात. माझ्यापुढचा कांदा माझ्या बुक्कीला दाद देईना. रामभाऊ कंदिलाच्या उजेडाबाहेर बसून माझी फजिती बघत होते, पण त्यांनी हात पुढे केला नाही. गंगूने माझा फोडून दिला, आणि न सांगता बापाचाही. तेव्हाही मला काही उमगले नाही.

जेवताना मी आमच्या घराण्याची रीत सांगितली. डोळे उघडण्याआधी यजमानाने आपले बोट पट्टीवर ठेवायचे आणि माप आपलेच आहे असे देवीला सांगायचे. त्याशिवाय आम्ही डोळे रेखायची सुई उचलत नाही.

रामभाऊंचा घास हातातच राहिला. "म्हंजी सगळ्यांसमोर?" त्यांनी विचारले.

"सगळ्यांसमोर."

"बरं," म्हणाले, आणि पानावरून उठले. मला वाटले, ठेचा झोंबला असावा.

देवळात

सकाळी देऊळ भरले होते. देऊळ नवे, चुन्याचा वास अजून ताजा. त्याची जागा रामभाऊंचे चुलतभाऊ किसनराव यांनी दिलेली, त्यामुळे किसनराव अगदी पुढे, फेटा बांधून. रामभाऊ विधुर म्हणून रिवाजाप्रमाणे बायकोच्या जागी कनवटीला सुपारी लावून यजमानाच्या पाटावर बसणार होते. पेंढा दूर केला आणि देवी उभी राहिली तशा बायका एकदम गप्प झाल्या. डोळे अजून कोरे होते. कोऱ्या डोळ्यांची मूर्ती मला नेहमी झोपेतल्या माणसासारखी वाटते, तिच्यापाशी आवाज आपोआप खाली येतो.

मी पट्टी काढली. रामभाऊंकडून माप आले होते ते जोंधळ्याच्या धाटाच्या एका तुकड्यावर. दोरी ताणली जाते, म्हणून काडी कापून पाठवा, असे मीच कळवले होते. त्यावरून मी लाकडी पट्टीवर एकतीस खुणा केल्या होत्या. "या रामभाऊ, उजवा हात," मी म्हणालो.

ते उठले नाहीत. मी पुन्हा म्हणालो. किसनराव मागे वळून पाहू लागले. मग रामभाऊ सावकाश पुढे आले, उपरणे बाजूला केले आणि हात माझ्यापुढे धरला. मधले बोट नव्हते. शेजारचेही नव्हते. मुळाशी नुसती गुलाबी, चकचकीत कातडी होती.

गेल्या वर्षी चिंचवडकडच्या एका लहानशा वर्कशॉपात ते शेतीच्या सवडीने कामाला जात. पत्रा कापणाऱ्या यंत्राखाली हात गेला. त्याच सुमारास माप मागणारे माझे पत्र आले होते, आणि त्यात मी आमच्या रिवाजाप्रमाणे स्पष्ट लिहिले होते की हात धड हवा. आदल्या दिवशीच्या माझ्या आठीची मला तिथे उभ्या उभ्या लाज वाटली.

"माप माजं न्हाई," रामभाऊ म्हणाले. आवाज अगदी कोरडा. "दवाखान्यात पडलो व्हतो. गंगूला म्हनलं, तुजं बोट घाल. तिचा हात माज्यावर गेलाय. देवी माजी म्हून बोललो आन माप दुसऱ्याचं दिलं. फसवलं म्या तिला."

देवळात कुजबुज सुरू झाली. किसनराव उठले. त्यांना दुष्ट म्हणणार नाही, पण पाटाच्या मानाची इतकी वाट पाहिलेला माणूस जसा उठतो तसे ते उठले. "तुटक्या हाताचा यजमान कसा चालंल? मूर्ती भंगली तर आपन पुजत न्हाई. पाटावर मी बसतो. माप काय, मिस्तरी माज्या बोटाचं करून घ्येतील."

"दगड कमी करता येतो, वाढवता येत नाही," मी म्हणालो. "तुमचे बोट याहून मोठे आहे, ते इथूनच दिसते आहे."

"मंग नवी करू."

"नगं," रामभाऊ म्हणाले. "हीच ऱ्हाऊ द्या. किसन बसंल पाटावर. मी भाईर उभा ऱ्हातो." आणि ते खरेच दाराकडे वळले.

मला राग आला, आणि तो कोणावर ते कळेना. रामभाऊंवर, त्यांनी मला अंधारात ठेवले म्हणून? किसनरावांवर? की "धड हात" असे झोकात लिहून पाठवणाऱ्या माझ्यावर? पाच महिने मी त्या धाटाच्या तुकड्यावर विसंबून दगड फोडला होता. निदान ती देवी कोणाची, एवढे तरी मला कळायला हवे होते. "थांबा," मी ओरडलो. "गंगूबाई, तुम्ही या. तुमचे बोट ठेवा."

गंगू जागची हलली नाही. बायकांनी तिला पुढे ढकलले. कडेवरचे मूल शेजारणीकडे देऊन तिने पट्टीवर बोट ठेवले आणि माझ्या तोंडचे पाणी पळाले. पेर खुणेपर्यंत पोचत नव्हते. एका जवाच्या दाण्याइतके कमी होते. वाचकांना वाटेल, जवाचा दाणा तो केवढा! पण आठ जवांचे एक अंगुळ, आणि एका अंगुळात एक जव चुकला तर एकतीस अंगुळांत जवळजवळ चार अंगुळे चुकतात. म्हणजे एकतर माझी पट्टी चुकली होती, नाहीतर ही देवी या देवळातल्या कोणाच्याच मापाची नव्हती. मी ट्रंकेतून मूळचा धाटाचा तुकडा काढला आणि पट्टीवर ठेवला. बरोबर बसला. घामाने माझा सदरा पाठीला चिकटला, त्या कोरड्या हवेतसुद्धा.

"हे तुमचे बोट नाही," मी तिला म्हणालो.

"न्हाई," ती म्हणाली.

"मग कोणाचे?"

तिने बापाकडे पाहिले. "त्यांचंच. डाव्या हाताचं. ते औषधानं निजले व्हते तवा घेतलं."

रामभाऊ दाराशी उभे होते, त्यांना कोणीतरी परत आणले. त्यांचा डावा हात मी स्वतः धरला आणि मधले बोट पट्टीवर टेकवले. पेर खुणेवर बसले, जव इकडे नाही की तिकडे नाही.

"पर डावाच हाय न्हवं," किसनराव म्हणाले. त्यांचाही आवाज आता खाली आला होता.

सगळे माझ्याकडे बघू लागले. गुरवसुद्धा. आमच्यात उजवाच हात का, हे मी कधी वडिलांना विचारले नव्हते. तेही सांगू शकले असते की नाही, शंका आहे. मला एवढेच दिसत होते की उजव्या हाताने माणूस देतो, पेरतो, जेवतो, वाढतो. ज्या हाताने तो आयुष्यभर देतो, त्याच्या मापाने देव व्हावा, असे ते असेल. "काल मला यांनी पाणी दिले ते याच हाताने," मी म्हणालो. "यंदाचा कांदा कोणत्या हाताने लावला, ते तुम्ही गाववाले जाणता. रामभाऊंचा उजवा हात आता हाच आहे. माझ्या घराण्यापुरते मी सांगतो, माप खरे आहे. मी सुई उचलायला तयार आहे."

कोणी पटल्याचे बोलले नाही, कोणी नाही म्हणाले नाही. किसनरावांनी फेटा सारखा केला, थोडा वेळ देवीकडे पाहिले आणि पाटापासून दोन पावले मागे सरकून उभे राहिले. "बसा रामभाऊ," गुरव म्हणाला.

रामभाऊ बसले नाहीत. मुलीसमोर उभे राहिले. "पोरी, मला सांगायचं न्हाईस व्हय? देवीचं नाव घ्यायची लाज वाटायची मला."

"सांगून ऐकलं असतं?" गंगू म्हणाली. तिला रडू येत होते पण ती रागावलेलीही होती. "तुमी म्हनला, माजं आता कायबी देवाच्या कामाचं न्हाई, तुजं बोट दे. तवा हा हात तुमच्या पोटावर पडला व्हता. धडधाकट. त्याच्याकडं तुमी बघायलाच तयार न्हवता. माज्यासाठी बोललेली देवी, तिच्यात तुमीच न्हाई तर ती मला काय करायची व्हती?"

रामभाऊ जाऊन पाटावर बसले. गुरवाने मध आणि तूप घातलेली वाटी पुढे केली, ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली. मी सुई घेऊन वाकलो. उजव्या हाताची उरलेली बोटे वाटीला नीट धरेनात, ती सारखी कलत होती आणि सुई बुडवता येईना. मी थांबलो. मागे देऊळभर माणसे उभी होती, तीही थांबली, आणि घाई करा असे कोणी म्हणाले नाही.